रखडले की रखडवले?

केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि महाराष्ट्रात सत्कार, परिसंवाद व ग्रंथदिंड्या यांना बहर आला. ते स्वाभाविकच होते. गाथासप्तशतीपासून लीळाचरित्रापर्यंतच्या वारशाचे त्या निमित्ताने स्मरण झाले आणि नव्या पिढीच्या कानांवर ही नावे पडली. परंतु भाषेची थोरवी केवळ तिच्या वयावर ठरत नाही. ती बोलणाऱ्या समाजाला आपल्या रोजच्या व्यवहाराकडे किती नेमकेपणाने पाहायला शिकवते, हाही एक निकष आहे. या निकषावर मराठीचे एक दालन फार समृद्ध आहे आणि त्याकडे गौरवसोहळ्यांत कोणाचे लक्ष जात नाही. ते दालन आहे बिघडलेल्या कारभाराला आणि वाया गेलेल्या श्रमांना दिलेल्या नावांचे.

ढिसाळ, गलथान, भोंगळ, तकलादू, थातूरमातूर हे शब्द घाईने वाचणाऱ्याला एकाच अर्थाचे वाटतील. ते तसे नाहीत. ज्याची बांधणीच सैल आहे ते ढिसाळ. ज्याला आपल्या जबाबदारीची शुद्ध नाही तो गलथान. आपल्याला नेमके काय साधायचे आहे हेच ज्याला उमगलेले नाही तो भोंगळ. दिसायला नीटनेटके पण पहिल्या पावसात उघडे पडणारे ते तकलादू, आणि वेळ मारून नेण्यापुरते केलेले ते थातूरमातूर. वाक्प्रचारांत तर ही पारख आणखी सूक्ष्म होते. वरातीमागून घोडे निघते तेव्हा घोडा असतो, खर्चही झालेला असतो, चुकलेली असते ती फक्त वेळ. पालथ्या घड्यावर पाणी ओतणाऱ्याचे श्रम खरे आणि पाणीही खरे. दोष घड्याच्या ठेवणीत असतो. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते तेव्हा दळणाऱ्याच्या कष्टांत काहीच उणे नसते, उणीव असते ती राखणदाराची. डोंगर पोखरून उंदीर निघतो तिथे श्रम आणि फळ यांचे प्रमाण बिघडलेले असते. घाण्याच्या बैलाची उपमाही अशीच मार्मिक आहे, मात्र तिच्यात एक गोष्ट सहसा निसटते. दिवसभर चालून बैल जागीच राहतो हे खरे. पण घाण्यातून तेल निघतच असते. बैल कुठेही पोहोचला नाही म्हणून श्रम वाया गेले असे म्हणता येत नाही. आधी भांडे पाहावे लागते.

यातील प्रत्येक शब्द म्हणजे एकेका रोगाचे निदान आहे आणि निदानाप्रमाणे उपचार बदलतो. ढिसाळ व्यवस्थेला शिस्त हवी, गलथान माणसाला जाब विचारायला हवा, भोंगळ योजनेचा मुळापासून पुनर्विचार हवा आणि पालथा घडा आधी सुलटा करायला हवा. ‘सगळी सिस्टीमच बोगस आहे’ असे म्हणून जो मोकळा होतो, त्याने यातले काहीच सांगितलेले नसते. आज मध्यमवर्गीय घरांत ‘फेल’, ‘बोगस’, ‘टाइमपास’ आणि ‘वेस्ट’ या चार शब्दांवर साऱ्या असमाधानाची बोळवण होते. ज्वर, खोकला, पित्त आणि अस्थिभंग या सर्वांना ‘बरे नाही’ एवढेच म्हणणाऱ्या वैद्याकडे कोण जाईल?

हे दालन केवळ ग्रामीण बोलीचे नाही. शास्त्रांनीही ते आपल्या परीने सजवले आहे, आणि त्यासाठी वाईचे उदाहरण घेणे उचित ठरेल. कृष्णाकाठच्या या गावात नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढे संन्यास घेतलेले केवलानंद सरस्वती, यांनी प्राज्ञपाठशाळा उभी केली. विनोबा भावे काही काळ त्यांच्याकडे अध्ययनासाठी राहिले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याच पाठशाळेत घडले. न्याय, मीमांसा, वेदान्त यांचे अध्ययन करणाऱ्या अशा विद्यार्थ्यांच्या जिभेवर लौकिक न्याय खेळत असत. दळलेलेच पुन्हा दळणे ते पिष्टपेषण. कावळ्याला दात किती, याची चौकशी ती काकदंतपरीक्षा. शेळीच्या गळ्याला लोंबणारे, पण दूध न देणारे ते अजागलस्तन. जकात चुकवण्यासाठी रात्रभर आडवाटांनी गाडी हाकावी आणि उजाडताना ती नेमकी जकातनाक्यासमोरच उभी राहावी, यासाठी घट्टकुटीप्रभात असा सुंदर शब्द आहे. सरकारी कचेऱ्यांत हेलपाटे घालून पुन्हा पहिल्याच टेबलासमोर आलेल्या नागरिकाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. (असे न्याय एकत्र करून ‘लौकिकन्यायांजलि’ या नावाने विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध केले ते कर्नल जेकब या इंग्रज अधिकाऱ्याने. आपल्या घरातील भांडी मोजायला पाहुणा यावा लागतो, ही खंत येथेही आहेच.)

मीमांसकांनी तर निष्फळतेचा विचार सिद्धान्ताच्या पातळीवर नेला. ज्या अर्थाने वाक्यातील एखादा शब्द निरर्थक ठरतो, तो अर्थच त्याज्य मानावा, हा त्यांचा दंडक. वैयाकरणांविषयी म्हटले जाते की, सूत्रातील अर्धी मात्रा वाचली तरी त्यांना पुत्रजन्माचा आनंद होतो. भारतीय परंपरा म्हणजे अघळपघळपणा, असा समज करून बसलेल्यांनी हे लाघवाचे वेड पाहावे. केवलानंदांनी मीमांसाकोशाचे सात खंड सिद्ध केले ते याच काटेकोर शिस्तीच्या बळावर. आणि ही दृष्टी पोथीपुरती नव्हती. वाईच्या ढोल्या गणपतीचे मंदिर सरदार रास्ते यांनी अठराव्या शतकात नदीच्या पात्रालगत बांधले, तेव्हा त्याची मागची भिंत मत्स्याकार केली. पूर येतो तेव्हा पाणी त्या निमुळत्या टोकावर दुभंगते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते. पाण्याशी झुंजण्यात शक्ती न दवडता पाण्यालाच वाट करून देणारी ही भिंत ज्यांनी रचली, त्यांना वाया जाणारे बळ कसे ओळखावे हे पक्के ठाऊक होते.

याच वाईत मराठी विश्वकोशाचे कार्य उभे राहिले, हा योगायोग नव्हे. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, त्याच वर्षी साहित्य संस्कृती मंडळ स्थापन होऊन तर्कतीर्थ त्याचे अध्यक्ष झाले आणि विश्वकोशाची योजना त्यांनी आपल्या गावी नेली. तर्कतीर्थांचे राजकीय विचार या पानांच्या वाचकांना सर्वस्वी मानवणारे नव्हते. परंतु त्यांच्या विद्वत्तेविषयी आणि उद्योगाविषयी दुमत होऊ शकत नाही. विश्वकोशाच्या कार्यातील एक क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. १९७६ मध्ये नोंदींचा पहिला खंड निघाला. पण त्याआधीच, १९७३ मध्ये, परिभाषासंग्रह प्रसिद्ध झाला होता. आधी शब्द निश्चित केले, मग ज्ञान मांडायला घेतले.

हा क्रम महाराष्ट्राला नवा नव्हता. शिवछत्रपतींनी राज्य उभे करताना राज्यव्यवहारकोश करवून घेतला, कारण कारभार परक्या शब्दांत चालला तर कारभाराची दृष्टीही परकी राहते हे त्यांनी ओळखले होते. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली आणि ‘दिनांक’, ‘महापौर’, ‘चित्रपट’ हे शब्द आज इतके रुळले आहेत की ते कोणी घडवले याचेही स्मरण राहत नाही. राज्यस्थापनेनंतर भाषा संचालनालय आले, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला, पदनामे ठरली, शासनव्यवहाराचे कोश निघाले. मराठी माणसाला आपल्या भाषेत अर्ज करता यावा आणि आपल्याच भाषेत उत्तर मिळावे, ही त्यामागची आकांक्षा थोर होती. ती बरीचशी सफलही झाली.

उत्तर मराठीत मिळू लागले हे खरे. परंतु त्या उत्तरात काय असते? ‘प्रकरण विचाराधीन आहे.’ ‘प्रस्ताव उचित कार्यवाहीसाठी अग्रेषित करण्यात आला आहे.’ ‘यथावकाश निर्णय घेण्यात येईल.’ शब्द शुद्ध आहेत, व्याकरण निर्दोष आहे आणि अर्थ एकच आहे की काहीही झालेले नाही. ज्या परिभाषेने कारभार उजेडात आणायचा, तिचाच पडदा झाला. विशेष म्हणजे या भाषेत कर्ता कधीच नसतो. रस्ता ‘खचला’, निधी ‘परत गेला’, औषधे ‘मुदतबाह्य झाली’, प्रकल्प ‘रखडला’. जणू रस्त्याने आपण होऊन खचायचे ठरवले आणि निधीला घरची ओढ लागली! ‘रखडणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. त्यात कोणी कोणाला काही केलेले नसते. ‘रखडवणे’ म्हटले की लगेच प्रश्न उभा राहतो, कोणी? मराठी सरकारी लेखणीने गेल्या साठ वर्षांत अकर्मक क्रियापदांचा आश्रय इतक्या सातत्याने घेतला आहे की तो अनवधानाचा भाग मानता येणार नाही.

सातारा-सांगलीच्या लोकांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. कृष्णा पाणीतंटा लवादाच्या १९७६ च्या निवाड्याने महाराष्ट्राचा वाटा ठरवून दिला आणि त्या निवाड्याच्या फेरविचारासाठी ३१ मे २००० ही तारीख होती. तोवर आपल्या वाट्याचे पाणी अडवून घ्यावे, या हेतूने १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. तेव्हा राज्यात युतीचे सरकार होते आणि हेतू निःसंशय स्तुत्य होता. मात्र एकाच वेळी इतक्या कामांना हात घातला गेला की पैसा आणि मनुष्यबळ सर्वत्र पातळ झाले. पुढे आलेल्या सरकारांनी त्यात भरच घातली. टेंभू, ताकारी, म्हैसाळ ही नावे माण, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ येथील शेतकऱ्याच्या तोंडी कित्येक वर्षे एखाद्या उधारीसारखी होती. पाणी पुढे टप्प्याटप्प्याने पोहोचले आणि जिथे पोहोचले तिथे शिवार बदलले, हेही नमूद केले पाहिजे. परंतु मधल्या वर्षांत सरकारी कागदांवर या योजना केवळ ‘रखडलेल्या’ होत्या. मराठीत या रोगाचे नेमके नाव उपलब्ध होते: एक ना धड, भाराभर चिंध्या. ते निदान वेळीच कोणी फायलीवर लिहिले असते, तर उपचारही स्पष्ट होता. चार कामे हाती ठेवावीत, ती पुरी करावीत, मग पाचवे घ्यावे. ‘रखडले’ या शब्दातून असा कोणताही उपचार निघत नाही. त्यातून निघते ती फक्त वाढीव खर्चाला सुधारित मान्यता.

लोकांच्या शब्दांत किती बळ असते याचे एक उदाहरण याच काळातले आहे. २००५ मध्ये राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि कर्तव्य पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा अधिनियम केला. त्यानुसार कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजी दिवसांहून अधिक काळ पडून राहता कामा नये. कायद्याचे अधिकृत नाव एका दमात उच्चारता येत नाही. लोकांनी त्याला नाव दिले ‘दप्तरदिरंगाईचा कायदा’, आणि तेच रूढ झाले. भाषाशुद्धीच्या काटेकोर दृष्टीने यातील दोन्ही शब्द फारसी मुळाचे आहेत. तरीही ‘विलंब’ म्हटल्याने जे बोचत नाही ते ‘दिरंगाई’ म्हटल्याने बोचते, कारण विलंब गाडीलाही होतो, दिरंगाई मात्र माणूसच करतो. शब्दाला कर्ता आहे म्हणून कायद्यालाही धार आली. ती धार किती वापरली गेली हा निराळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर समाधानकारक नाही. सात दिवसांची मर्यादा ठाऊक असलेला नागरिक शोधावा लागतो. तिचा आधार घेऊन लेखी जाब विचारणारा त्याहून दुर्मीळ.

नावे ठेवण्याच्या या शक्तीला दुसरी बाजूही आहे. निदान चुकले तर निरोगी माणसाला रोगी ठरवले जाते, आणि मराठीने असे अन्यायही केले आहेत. वाईपासून हाकेच्या अंतरावर मेणवली आहे. तेथे नाना फडणविसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट आहे, आणि चिमाजी अप्पांच्या वसईविजयाची आठवण देणारी घंटाही आहे. नाना ज्या कारभारी मंडळाचे प्राण होते त्याचे नाव बारभाई. आज ‘बारभाईचा कारभार’ म्हणजे कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नसलेला गोंधळ. इतिहास काय सांगतो? ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गादीवर राघोबादादा आले आणि पुढे त्यांनी इंग्रजांचा आश्रय घेतला. अशा वेळी नाना, सखारामबापू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७७४ मध्ये पुरंदरावर जन्मलेल्या अर्भकाच्या नावाने राज्य सावरले. १७७९ मध्ये वडगावला इंग्रज फौजेला शरण यायला लावले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत मराठी राज्य अभंग राखले. त्या मंडळात रुसवे-फुगवे होते. मोरोबा फडणीस फुटले, सखारामबापूंची निष्ठा डळमळली. हे सारे खरे मानले तरी एकट्या माणसाच्या हुकमाविना, सल्लामसलतीने राज्य वाचवता येते याचे ते उदाहरण आहे. अनेकांनी मिळून केलेल्या कामाला हिणवण्यासाठी आपण त्यांचेच नाव वापरावे, ही गोष्ट संघटित कामावर श्रद्धा असणाऱ्यांना तरी खटकायला हवी. ‘द्राविडी प्राणायाम’ हा शब्दही असाच. डोक्यामागून हात नेऊन नाक धरण्याच्या खटाटोपाला आपल्याच दक्षिणेतील बांधवांचे नाव कशासाठी? ‘आडवळण’ हा सोज्वळ शब्द असताना त्याची गरज नाही.

संथ काम आणि व्यर्थ काम यांतील फरकाचेही तसेच आहे. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा आणि विसावा २०१५ चा. एकोणचाळीस वर्षे! दरम्यान सोव्हिएत संघ नाहीसा झाला, संगणक घराघरांत आला आणि पहिल्या खंडांतील कित्येक नोंदी शेवटचा खंड येण्यापूर्वीच जुन्या झाल्या. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी भागभांडवल गोळा करीत, सरकारी आधाराविना, तेवीस खंडांचा ज्ञानकोश १९२० च्या दशकातच पुरा केला होता. ही तुलना शासनाला लाजवणारी आहे आणि ती करायलाच हवी. परंतु म्हणून विश्वकोशाला पांढरा हत्ती म्हणणे सत्याला धरून होणार नाही. आज त्याचे खंड संगणकावर कोणालाही विनामूल्य वाचता येतात, ज्ञानमंडळांमार्फत नोंदी अद्ययावत करण्याचे काम हाती घेतले गेले आहे आणि खेड्यातील शिक्षकाला भूगोलाच्या किंवा रसायनशास्त्राच्या नोंदीसाठी इंग्रजीकडे हात पसरावा लागत नाही. दिरंगाई झाली हे मान्य, पण तेल निघाले. प्राज्ञपाठशाळेने हाती घेतलेला धर्मकोश तर याहूनही जुना. त्याचा पहिला भाग १९३७ मध्ये निघाला. धर्मशास्त्राचे मूळ आधार विषयवार लावण्याचे काम एका पिढीत आटोपत नाही, आणि ते आटोपले नाही म्हणून कोणी शहाणा त्याला निष्फळ म्हणत नाही.

सामाजिक कार्यकर्त्याच्या वाट्याला हा गैरसमज नेहमीचाच. वस्तीवर अभ्यासिका चालवणाऱ्या, पुरात घरोघरी धान्य पोहोचवणाऱ्या, रक्तदानाच्या याद्या करत बसणाऱ्या तरुणाला घरातूनच ऐकावे लागते की, लष्कराच्या भाकऱ्या भाजू नकोस. या वाक्प्रचारातील उपहास बारकाईने पाहण्यासारखा आहे. भाकरी वाया गेली असे तो म्हणत नाही. लष्कर जेवलेले असते. भाजणाऱ्याच्या पदरी काही पडले नाही, एवढाच त्यात आक्षेप आहे. स्वतःच्या लाभाविना केलेले काम म्हणजे फुकट गेलेले काम, हे समीकरण भाषेने आपल्या गळी उतरवले आहे. ते कार्यकर्त्याने स्वीकारण्याचे कारण नाही. लष्कर उपाशी राहिले असते तर राज्य राहिले असते काय, असे त्याने घरी शांतपणे विचारावे.

मात्र तोच आरसा त्याने स्वतःकडेही फिरवला पाहिजे. संघटनेच्या कामातही पिष्टपेषण असते. ज्या बैठकीत मागील बैठकीचेच विषय पुन्हा निघतात, निर्णय कोणी अमलात आणायचा हे न ठरता समारोप होतो आणि वृत्तात मात्र ‘सविस्तर चर्चा झाली’ अशी नोंद होते, तिला काथ्याकूट हेच नाव आहे. अपेक्षित शंभर, उपस्थित ऐंशी, एवढा आकडा वर कळवला की कार्यक्रम यशस्वी मानण्याची सवय अनेक ठिकाणी लागली आहे. त्या ऐंशींपैकी पुढच्या महिन्यात किती जण कामाला लागले, हा रकाना पत्रकात नसतो. प्रवास झाला, दूरध्वनी झाले, धावपळ झाली, बैल दमला. ‘संपर्क अभियान थोडे मंदावले’ असे वाक्य तालुक्याच्या वृत्तात येते तेव्हा त्यातही कर्ता नसतो, आणि सरकारी कचेरीवर टीका करणाऱ्यांच्या लेखणीला ते शोभत नाही. कोणी कोणत्या वस्तीत जायचे होते, ते गेले नाहीत, त्यांना कोणती अडचण आली, हे तीन ओळींत लिहिता येते. वर्षप्रतिपदेनंतर नव्या वर्षाच्या कामाची आखणी अनेक ठिकाणी सुरू होते. त्या वेळी वृत्ताच्या नमुन्यातून ‘मंदावले’, ‘राहून गेले’ आणि ‘होऊ शकले नाही’ हे शब्द काढून टाकून पाहावेत. त्या जागी माणसांची नावे येतील, आणि पहिली काही पत्रके वाचायला अवघड जातील.